धाकटी, थोरली आणि फेलिसाचं मनगट

फेलिसा अर्रिएताला कोणी 'जपून' म्हटलं की ती पाय अधिक जोरात आपटत चालायची. अंगणात बर्फ गोठलेला असला तरी. तशी ती एकदोनदा पडलीही होती, आणि उठल्यावर पहिली गोष्ट तिने केली ती ही, की 'जपून' म्हणणाऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्यानेच तिला ढकललं होतं.

तिचा जन्म एका खाणावळीच्या स्वयंपाकघरावरच्या खोलीत झाला. अमेरिकेतल्या दक्षिण आयडाहोतली ती खाणावळ तिची आई चालवायची, आणि तिथे उतरणारे सगळे स्पेनकडून आलेले बास्क मेंढपाळ. उन्हाळाभर डोंगरात एकटे राहून ते खाली यायचे तेव्हा त्यांना बोलायची सवय गेलेली असायची. लांब टेबलाशी बसून ते नुसते जेवत राहायचे. मग दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पत्ते खेळता खेळता एखादा अचानक रडायला लागायचा, आणि बाकीचे पत्त्यांकडे बघत त्याचं रडणं संपायची वाट बघायचे. लहानपणी फेलिसाला वाटायचं, सगळे पुरुष अंगाला लोकरीचा वास घेऊनच जन्माला येतात.

त्यांतल्याच एकाशी तिने लग्न केलं. चोमिन सगळ्यांत कमी बोलायचा आणि कधी रडला नव्हता. मेंढरं त्याची आणि त्याच्या धाकट्या भावाची, सिल्वेरिओची, अर्धी अर्धी होती. फेलिसाने त्या कळपात आयुष्य घातलं. आडवी आलेली कोकरं हाताने फिरवून सरळ केली, मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराला घालून, ते पाजायला मेंढीला फसवलं. एका मेंढ्याने तिला फाटकाच्या खांबावर चेपलं, तेव्हा तिचा उजवा खांदा मोडला. तो सांधला, पण वाकडा. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात चोमिन गेला. मेंढ्या विण्याच्या छपरात, गुडघ्यांवर बसलेला, एक हात मेंढीच्या पोटात. फेलिसाने आधी कोकरू ओढून काढलं. ते जिवंत होतं. मग नवऱ्याकडे वळली. यावरून गावात बोललं गेलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

या वसंतात अडचण आली ती एलेउतेरिओची. हा पेरूचा माणूस बरीच वर्षं त्यांचा कळप उन्हाळ्यात वर न्यायचा. आई वारली म्हणून तो गावी गेला आणि परतीच्या कागदात अडकून पडला. मेंढरं वेळेवर वर गेली नाहीत तर डोंगरावरचा चराईचा हक्क जातो. हक्क गेला की खालच्या वाळलेल्या माळावर कळप जगवणं अशक्य.

लोकर कातरायचे दिवस होते. दुपारी सगळे जेवायला बसले होते. चोरिसोचं सॉसेज घातलेला घेवडा, निखाऱ्यात पुरून भाजलेला पाव आणि लाल वाइन. सिल्वेरिओने पावाने ताट पुसलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "कोलोराडोचा एक माणूस आहे. सगळा कळप घ्यायला तयार आहे. मेअखेरीला बघायला येतोय."

"बघू दे की," फेलिसा म्हणाली. "बघायला काही लागत नाही."

"फेलिसा, माणूस नाहीये आपल्याकडे. वर कोण जाणार?"

"मी जाते वर."

"वर म्हणजे? स्वर्गात?"

"तिथे तुझ्या आधी नाही जायची मी. डोंगरावर. मेंढरांबरोबर."

सिल्वेरिओची बायको लुसिया फसकन हसली आणि वाइन तिच्या नाकात गेली. सिल्वेरिओ मात्र हसला नाही.

"आणि अस्वल आलं म्हणजे? त्याला घेवडा वाढशील? गेल्या साली एलेउतेरिओने किती मेंढ्या घालवल्या विसरलीस? रायफल तुला टेकवता येत नाही खांद्याला. मी बघितलंय. दस्ता लागला की पांढरी पडतेस."

"मग रिव्हॉल्व्हर घेईन."

"त्या मनगटानं? काल बरणीचं झाकण उघडायला माझ्याकडे आणलंस ना?"

"लावलं होतं कोणी? तूच, गाढवासारखं आवळून."

आता सगळेच हसले, आणि तिथेच बिनसलं. लोकांदेखत हसं झालं की सिल्वेरिओ हट्टाला पेटायचा. त्याने चाकू टेबलावर आडवा ठेवला.

"ठीक आहे. तो माणूस यायच्या आधी, मढ्यांच्या खड्ड्यापाशी, माझ्यासमोर, रिव्हॉल्व्हरचं एक भरलेलं चाक रिकामं करून दाखव. बारकी काडतुसं चालणार नाहीत. अस्वलाला लागतात ती. नेम धरायला डबा मी ठेवीन. जमलं तर जा वर, मी तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर कोलोराडोवाल्याच्या कागदावर सही करायची. गुपचूप."

"गुपचूप मी आजवर काही केलं नाही," फेलिसा म्हणाली, आणि तिने हात पुढे केला. त्याने तो दाबला तेव्हा मनगटातून कळ निघून कोपरापर्यंत गेली. तिने ती चेहऱ्यापर्यंत येऊ दिली नाही.

गावातलं लाव्हेलचं दुकान म्हणजे पुढे मासेमारीचं सामान, मागे बंदुका, आणि भिंतीवर हरणांची मुंडकी. ती गिऱ्हाइकाकडे अशी बघत असायची, जणू त्यांना सगळं आधीच माहीत आहे. लाव्हेल मॉर्मन पंथाचा होता. कॉफी प्यायचा नाही, शिवी द्यायचा नाही आणि बायकांशी बोलताना आवाज खाली आणायचा. फेलिसाला त्या आवाजाचा राग यायचा.

त्याने काचेखालून एक चिमुकलं रिव्हॉल्व्हर काढलं, चाक बाहेर पाडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि उघडंच तिच्या हातावर ठेवलं. "बायकांना हेच पसंत पडतं, मिसेस अर्रिएता. वजन म्हणाल तर काहीच नाही. पर्समध्ये मावतं."

"माझ्याकडे पर्स नाही."

"कोटाच्या खिशात."

"कोटाच्या खिशात कोकरांच्या दुधाच्या बाटल्या असतात. थोरलं काडतूस चालतं यात?"

"चालतं तसं. पण तुम्ही नका चालवू."

"मग चालतं कशाला म्हणतोस?"

लाव्हेलने ते मागे घेतलं आणि दुसरं ठेवलं. सुंदर होतं. चांदीसारखं चकाकणारं, घोडा लोण्यासारखा मागे येणारा. "हे फक्त अडतीसचं. यात मोठं जाणारच नाही. म्हणजे चुकून जोराचा धक्का बसायची भीतीच नाही."

अडतीस आणि तीनशे सत्तावन्न हे आकडे ऐकून परका माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, दोन निराळी मापं. खरं तर दोन्हींची गोळी एकाच जाडीची. कोण्या काळी कोणीतरी एकाला खोटं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. फरक एवढाच, की अडतीसचं पितळी नळकांडं आखूड, तीनशे सत्तावन्नचं थोडं लांब आणि आत दारू जास्त. लांब काडतुसासाठी चाकात कोरलेल्या घरात आखूड काडतूस सुखाने बसतं. आखूडच्या घरात लांब शिरत नाही. फेलिसाच्या घरी त्यांना धाकटं आणि थोरलं म्हणत.

"म्हणजे घर असं बांधलंय, की फक्त पोरांनीच राहायचं," फेलिसा म्हणाली. "थोरल्यांना दारातूनच परत पाठवायचं. नको. मला दोन्ही घेणारं पाहिजे. पाय मोडलेल्या मेंढीला सोडवायला धाकटं पुरतं. तिच्या डोक्याशी मी तोफ कशाला लावू? आणि अस्वलाला धाकटं म्हणजे नुसती चेष्टा."

"आणि सापाला हे," लाव्हेलने निळ्या टोपीचं एक काडतूस पुढे सरकवलं. आत बारीक छर्रे होते. "हे अडतीसच्याच मापाचं असतं. म्हणजे तिन्ही तऱ्हा एकाच चाकात बसतील. तेव्हा ते पहिलं छोटंच..."

"दे. बघते उडवून. थोरलं."

दुकानामागे मातीचा बांध होता, तिथे गिऱ्हाइकाला एखाददुसरी गोळी मारून बघता यायची. फेलिसाने त्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये थोरलं काडतूस घातलं आणि चाप ओढला. हात तिचा राहिलाच नाही. बोटं दाराच्या फटीत असताना कोणीतरी दार लाथेने बंद करावं तसं झालं. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी फाटली होती. लाव्हेल धावत आला. "म्हणूनच म्हटलं होतं मी, की तुम्ही अडतीसच..."

ती रक्त पँटला पुसत विचार करत होती. जी गोष्ट तिला हलकी म्हणून दिली होती, तीच तिला मारत होती. फाटकाच्या खांबासारखी जड असती तर धक्क्याचा मार मधल्या मध्ये त्या बंदुकीनेच खाल्ला असता.

"ते खालच्या फळीवरचं काढ," ती म्हणाली.

खालच्या फळीवर एक जुनं, मोठ्या अंगाचं, सहा घरांचं पोलादी रिव्हॉल्व्हर पडलं होतं. निळा रंग कडांवर घासून गेलेला, लाकडी मुठीवर कोणाच्या तरी अंगठ्याचा खळगा.

"ते खूप जड आहे, मिसेस अर्रिएता. भरल्यावर तीन पौंडांच्या आसपास जाईल."

"नुकतं जन्मलेलं कोकरू याच्या तिप्पट असतं. आणि ते लाथा मारतं."

तिने दोन्ही हातांनी ते उचललं. हात खाली ओढला गेला, पण मूठ तळहाताला भरून लागली. बांधासमोर उभी राहून तिने थोरलं काडतूस उडवलं. धक्का आला, पण तो फटका नव्हता. एखाद्या जाड माणसाने गर्दीत ढकलावं तसा. मनगट दुखलं. दुखतं आणि तुटतं यांतला फरक तिला चांगला ठाऊक होता.

"हेच."

"घरी जाऊन विचार करा हवं तर."

"दोन हिवाळे केलाय विचार. बांधून दे."

लाव्हेलने मान हलवली. "साफ तेवढं ठेवा, म्हणजे दगा देणार नाही."

"आमच्या घरात माणसांआधी बंदुका धुतात," फेलिसा म्हणाली.

मढ्यांचा खड्डा विण्याच्या छपरामागे होता. हिवाळ्यात मेलेली मेंढरं तिथे टाकायची. वरून चुना, चुन्यावर मॅगपाय पक्षी. फेलिसा रोज दुपारी तिथे जाऊन सरावाला उभी राहायची. पहिल्या दिवशी तिने दोनच थोरली उडवली आणि दुसऱ्या दिवशी तिला दात घासता आले नाहीत. मग तिने धाकटी धरली. रोज धाकटी. कोकरांच्या मोडक्या पायांना बांधायची पट्टी तिने मनगटाला गुंडाळली. पहिले काही दिवस डबा जागचा हलला नाही. मॅगपाय उडायचेसुद्धा नाहीत. त्यांना बहुधा कळलं होतं, की या बाईपासून धोका नाही. मग एक दिवस डबा उलटला. मग रोज उलटू लागला. हात जड झाला, म्हणजे हवा तसा. वजन घेऊन तो स्थिर राहायला शिकला. रात्री झोपेतही तिची बोटं मूठ धरल्यासारखी वळलेली असायची.

थोरली तिने त्या दिवसासाठी राखून ठेवली होती.

साफसफाईत ती चुकारपणा करत नव्हती. रोज जेवण झालं की चोमिनच्या रायफलची सळई घेऊन नळीतून चिंधी फिरवायची, चिंधी पांढरी निघेपर्यंत. मग बाहेरून तेलाचा हात. चोमिन असंच करायचा, त्याचा बापही. रायफलींच्या घराण्यात बंदूक साफ करणं म्हणजे नळी साफ करणं.

ठरल्या दिवशी सिल्वेरिओ आला तो घडीची खुर्ची घेऊन. बरोबर लुसिया, तिच्या हातात कॉफीचा थर्मास. वर न्यायची मेंढपाळाची गाडी, आत बिछाना आणि चूल असलेली, तिथेच छपराशी भरून उभी होती. ती फेलिसाने मुद्दामच तिथे आणून ठेवली होती. सिल्वेरिओने गाडीकडे पाहिलं.

"सामानही भरलंस?"

"पावसुद्धा भाजलेत."

"उतरवायला माणूस पाठवतो मग."

"खुर्ची आणलीस ते बरं केलंस," फेलिसा म्हणाली. "उभ्यानं हरणं या वयात बरं नाही."

"आता भांडूच नका," लुसिया म्हणाली. "कॉफी गार होतेय."

सिल्वेरिओने डबा ठेवला. ती ठेवायची त्याहून दूर. फेलिसाने चाक बाहेर पाडलं आणि खिशातून थोरलं काडतूस काढून पहिल्या घरात सोडलं.

ते गेलं नाही.

म्हणजे बरंचसं गेलं आणि शेवटी अडलं. बूड बाहेर राहिलं. तिने दुसरं घेतलं, दुसऱ्या घरात घातलं. तेही तसंच. तिसरं. अंगठ्याने दाबलं. चाक बंद होईना. दाबता दाबता बेचक्यातली जुनी जखम उघडली.

"काय झालं?" सिल्वेरिओने खुर्चीतूनच विचारलं.

"काही नाही."

"काडतुसं तरी बरोबर आणलीस ना, का कोकरांच्या औषधाच्या गोळ्या भरतेयस?" त्याने मांडीवर थाप मारली. "बघ लुसिया, अस्वल येऊन बसलंय समोर रुमाल लावून, आणि ही त्याला म्हणतेय, थांब हं जरा."

लुसिया हसली नाही. फेलिसाने काडतुसं बाहेर काढली. तिला वाटलं, त्या लाव्हेलने खोटं विकलं. मग वाटलं, हे सगळं रान, हा खड्डा, हे पक्षी, सगळे त्या डब्याच्या बाजूचे आहेत. तिने रिकामं चाक उजेडाकडे धरलं आणि एका घरातून आभाळाकडे पाहिलं.

आत, टोकाच्या थोडं अलीकडे, काळं कडं होतं. चुलीच्या नळाला आतून काजळी धरते तसं. दुसऱ्या घरातही. सगळ्या घरांत. ते जिथे होतं, तिथे धाकट्या काडतुसाचं नळकांडं संपायचं. रोज धाकटं उडत होतं आणि त्याच्या तोंडापुढची जळकी घाण तिथेच साचत होती. ती रोज नळी घासत होती, एकच नळी. या बंदुकीला आणखी सहा घरं होती आणि त्यांच्याकडे ती एकदाही वळली नव्हती. थोरल्याला आत शिरायला धाकट्याने जागाच ठेवली नव्हती.

तिला हसू आलं. स्वतःचं, चोमिनचं, चोमिनच्या बापाचं. सगळ्या रायफलवाल्या अर्रिएतांचं.

"हसतेस काय?" सिल्वेरिओ उठला. "झालं. चल. भरलेलं चाक ठरलं होतं. चाक भरतही नाही."

"बस खाली."

"फेलिसा..."

"बस म्हटलं. चाक माझ्या चुकीनं भरत नाहीये. बंदुकीच्या नाही. साफ करते. तोवर कॉफी पी."

ती गाडीत गेली. भांडी घासायची तांब्याची जाळी होती, तिचा एक तुकडा तिने कात्रीने कापला. चोमिनच्या सळईला तो गुंडाळला, कंदिलाच्या रॉकेलमध्ये बुडवला आणि बाहेर येऊन गाडीच्या पायरीवर बसली. एकेक घर. दाबून, फिरवून, ओढून. काळं पाणी तिच्या मांडीवर गळत होतं. सिल्वेरिओ खुर्चीत चुळबुळ करत होता. तिने घाई केली नाही. उलट दोन घरं पुन्हा घासली, त्याची गरज नसताना.

"मुद्दाम करतेयस," तो म्हणाला.

"हो."

मग थोरली बसली. एकामागून एक, बुडापर्यंत, आणि चाक खट्कन बंद झालं. ती उभी राहिली. पट्टी दातांनी आवळली. पहिली गोळी डब्याच्या कितीतरी वरून गेली. मॅगपाय सगळे उठले. सिल्वेरिओ खाकरला. दुसरी मातीत. तिने खांदा खाली सोडला, श्वास घेतला नाही. तिसरीने डबा उडाला आणि मागे चुन्यावर जाऊन पडला. तिथे तो आणखी दूर होता. चौथीही लागली. पाचवी नाही. सहावीला मनगट असं पेटलं, की डबा हलला का हे तिला दिसलंच नाही, डोळ्यांत पाणी होतं.

"लागली," लुसिया म्हणाली.

"निम्म्या," सिल्वेरिओ म्हणाला. मग त्याच्या आवाजातली थट्टा गेली, आणि ते तिला थट्टेपेक्षा जास्त लागलं. "फेलिसा, खरं सांग. तू ते घासत बसली होतीस तेवढा वेळ अस्वल थांबलं असतं का?"

तिने चाक उघडलं, रिकामी नळकांडी खाली पाडली. ती मातीत पडून वाफाळत राहिली.

"नसतं थांबलं," ती म्हणाली. "मेंढी नेली असती. कदाचित मलाही. माझी चूक होती आणि मोठी होती. पुढे?"

"पुढे काय? तेच तर म्हणतोय."

"तू महामार्गावरचं फाटक उघडं टाकलं होतंस त्या वर्षी. ट्रकखाली किती गेल्या आठवतंय? रस्ता धुवायला लागला होता. तेव्हा चोमिनने तुला कोणाच्या कागदावर सही करायला लावली? त्याच संध्याकाळी तू फाटकाला साखळी बसवलीस. मी आत्ता घरं घासली. चूक झाली म्हणून तू नाही विकला गेलास, आणि मीही जाणार नाही."

"ते वेगळं होतं."

"वेगळं काय होतं त्यात? मला सांग. एलेउतेरिओ यायच्या आधी चोमिन चाळीस उन्हाळे वर गेला. कोणी त्याच्यापुढे डबा ठेवला? तुझ्यापुढे ठेवला? ही अट मीच कबूल केली, ती माझी दुसरी चूक. या डब्याला सगळ्या लागल्या असत्या तरी तू दुसरा डबा काढला असतास, आणखी लांब." तिने उघडं रिव्हॉल्व्हर त्याच्यापुढे धरलं. खिशातून थोरली काडतुसं काढून दुसऱ्या तळहातावर. "घे. तूही अर्धा मालक आहेस. माझ्याहून जास्त लागल्या तर आत्ता सही करते, तुझ्या पाठीवर कागद ठेवून."

सिल्वेरिओने त्या जड लोखंडाकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात कोटाच्या खिशांत होते आणि ते तिथेच राहिले. गेल्या पानगळीपासून ते थरथरतात हे तिघांनाही माहीत होतं आणि तिघेही ते कधी बोलले नव्हते. फेलिसाला वाईट वाटलं. पण तिने हात मागे घेतला नाही.

"मी कोलोराडोवाल्याला शब्द दिलाय," तो शेवटी म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

"तुझ्या अर्ध्याचा देऊ शकतोस. ये, फाटकात उभा राहा आणि निवड तुझ्या मेंढ्या. कानांवरच्या खुणा एकच आहेत, तेवढं लक्षात ठेव. माझ्या अर्ध्या उद्या उजाडता निघतात."

"उद्या? तो यायला अजून चार दिवस आहेत की!"

"गवत तयार आहे. मीही."

मग लुसियाने थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं, कपातली उरलेली कॉफी जमिनीवर ओतली आणि म्हणाली, "रस्त्यावरून मेंढरं न्यायची म्हणजे मागे लाल फडकं लावून ट्रक हवा. नाहीतर पुन्हा ट्रकखाली जातील. मी चालवते."

"तू?" सिल्वेरिओ म्हणाला. "तुला पाठदुखी आहे."

"ट्रकच्या सीटला पाठ असते. टेकीन."

"आणि माझं जेवण?"

"घेवडा डब्यात मिळतो दुकानात, सिल्वे. झाकण फार आवळलेलं नसतं."

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा कळप फाटकाशी दाटला होता. कातरलेल्या मेंढ्या, उघड्यावाघड्या, आपलीच अंगं ओळखत नसल्यासारख्या. कुत्री गप्प होती. फेलिसा घोड्यावर होती. रिव्हॉल्व्हर कमरेला, मनगट सुजून दुप्पट झालेलं. सिल्वेरिओ फाटकात उभा होता. मेंढ्या वेगळ्या काढायला आला की दार अडवायला, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. कदाचित त्यालाही कळत नसावं.

ती त्याच्याजवळ जाऊन थांबली. घोडा त्याच्या खांद्याला नाक लावू लागला.

"चाकात काय भरलंयस?" त्याने विचारलं. "पहिलं सापाचं ठेव. एलेउतेरिओ तसंच..."

"वर जो राहतो त्यानं ठरवायचं ते."

"सांगतोय आपलं. जपून राहा."

फेलिसाने घोड्याला टाच मारली, गरजेपेक्षा जोरात. घोडा उधळला, कुत्री उठली, आणि पुढची मेंढी सिल्वेरिओच्या पायांमधून वाट काढत निघाली. तिच्यामागे दुसरी, मग सगळ्या. त्याची कुठली आणि तिची कुठली, हे ठरवायला त्याला कळप थांबवावा लागला असता. तो खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि धूळ त्याच्या टोपीवर बसत गेली. मागून लुसियाने ट्रकचा हॉर्न दिला. फेलिसाने मागे वळून पाहिलं नाही. रस्ता चढाचा होता आणि मेंढ्या चालत होत्या.